चांदणीची पाठ

आमचे बाबा लिफ्ट तपासतात. शहरातल्या कुठल्याही लिफ्टमध्ये शिरलात तर आत एक चौकटीतलं प्रमाणपत्र दिसेल, त्यावर सदतीस कलमं आणि तळाशी एक सही. सही बाबांची. कलमं कोणी वाचत नाही. बाबांना ती पाठ आहेत. ऑफिसात त्यांच्या माघारी त्यांना 'कलमसाहेब' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे, आणि माझ्या अंदाजाने आवडतंही.

असा माणूस नाताळच्या दिव्यांच्या मागे लागला, त्याला कारण झाला एक फोटो.

आमची गल्ली अरुंद. दोन्ही बाजूंना दुमजली घरं, प्रत्येक घरापुढे पाच पावलांची बाग. आमच्या बरोबर समोर दातांचे डॉक्टर राहतात. त्या वर्षी डॉक्टरांनी घराला इतके दिवे लावले की वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला आणि फोटो काढून गेला. पाचव्या पानावर छापून आला. डावीकडे डॉक्टरांचं घर, लखलखीत. उजवीकडे आमचं, काळं ठिक्कर. फक्त न्हाणीघराच्या खिडकीत उजेड, आणि त्या उजेडात बनियन घातलेले, तोंडात ब्रश धरलेले आमचे बाबा. फोटोखाली ओळ होती : 'नाताळचा उत्साह, काही घरांत.'

"दात तरी घासताय," आई म्हणाली. "डॉक्टरांना बरं वाटलं असेल."

बाबा हसले नाहीत. त्यांनी तो कागद कापून घेतला, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिला. आम्हाला वाटलं, विसरले. पुढच्या ऑगस्टात, उन्हाने रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं असताना, एका रविवारी सकाळी बाबा शिडीवर चढून घराची मापं घेताना दिसले.

"काय करताय?" आईने खालून विचारलं.

"नाताळ," बाबा वरून म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या घरात दर शुक्रवारी संध्याकाळी बैठक होऊ लागली. जेवणाचं टेबल पुसून त्यावर कागद पसरले जात. बाबा अध्यक्ष. सदस्य चार : आई, मी, आजी आणि मामा. आई कोर्टात लघुलेखिका आहे. समोरचा माणूस जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, हे तिचं काम; त्यात खोकलासुद्धा आला. त्यामुळे इतिवृत्त लिहायचं काम आपोआप तिच्याकडे गेलं. मी छपाईच्या दुकानात नोकरीला, म्हणून कागदपत्रं माझ्याकडे. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वायरमन. त्याच्या तोंडात कायम दोनच शब्द : "होईल की." आणि आजी, बाबांची आई. तिचं आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं. तिशी ते साठी तिने लोकांचे फोन जोडून दिले. आता ती वरच्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत खिडकीशी बसते आणि गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कोण कोणाशी बोलायचं थांबलं, यावर लक्ष ठेवते. तिला बैठकीला बोलावलं, कारण बाबांच्या मते घरातल्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीची संमती आवश्यक होती. संमती नाही मिळाली तर काय, याचं कलम मात्र त्यांच्याकडे नव्हतं.

पहिल्याच बैठकीत घोळ झाला. बाबा म्हणाले, "सर्वात महत्त्वाचा तारा."

मामा म्हणाला, "त्या मी आणतो. किती मीटर लागतील?"

"मीटर कसले? एकच आहे. सहा फूट उंच."

"सहा फुटांत काय होणार, भाऊजी? नुसत्या फाटकापर्यंत जायला तीस लागतील."

पाच मिनिटं हे असंच चाललं. बाबा आकाशातल्या ताऱ्याबद्दल बोलत होते आणि मामा विजेच्या तारांबद्दल. आईने दोघांचं सगळं न थांबवता उतरवून घेतलं आणि शेवटी वाचून दाखवलं. आजी हसून हसून खोकायला लागली. तेही उतरलं. मग ठराव झाला की यापुढे सदर वस्तूला 'चांदणी' म्हणावे.

दुसऱ्या बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडे अजून आहे. त्यातला हा भाग :

'अध्यक्ष : चांदणी घराच्या मध्यरेषेवर येईल. मध्यरेषा वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून जाते.

आजी : ती माझी खिडकी आहे.

अध्यक्ष : ती घराची खिडकी आहे.

आजी : मी तिच्यातून बघते.

अध्यक्ष : मग चांदणी बघ.

आजी : चांदणीचं तोंड रस्त्याकडे. मला तिची पाठ दिसणार.

अध्यक्ष : (खोकतात.) पुढचा विषय.'

पुढचा विषय हरणांचा होता. हरणं आठ की सहा, यावर दोन शुक्रवार गेले. आठ हरणं छपरावर मावत होती, पण आठव्याचं तोंड शेजारच्या हद्दीत जात होतं. बाबांनी शेजाऱ्यांकडून लेखी परवानगी आणायचं ठरवलं. शेजारी म्हणाले, अहो, तोंडच काय, सगळं हरीण आलं तरी चालेल. बाबांनी ते तोंडी उत्तर ग्राह्य धरलं नाही. शेवटी सहा हरणं ठरली.

ऑक्टोबरपर्यंत आराखडा चोवीस पानांचा झाला. त्यात घराचं समोरून चित्र होतं, बाजूने होतं, आणि एक वरून होतं, जे फक्त पक्ष्यांच्या उपयोगाचं. प्रत्येक माळेला क्रमांक. प्रत्येक खिळ्याला क्रमांक. पान सात पूर्ण चांदणीला दिलेलं. मुद्दा तीन असा होता : 'चांदणी कोणत्याही परिस्थितीत हलवू नये, कारण इतर सर्व मोजमापे चांदणीपासून घेतलेली आहेत.' मोठं चित्र मी आमच्या दुकानात छापून आणलं. आमच्या मालकांना ते इतकं आवडलं की त्यांनी एक जादा प्रत काढून दर्शनी भिंतीवर लावली, वर लिहिलं : 'मोठ्या आकाराची छपाई करून मिळेल.' ही गोष्ट मी घरी सांगितली नाही.

मामाने आराखडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. मग त्याने पेन्सिलने मागच्या पानावर काही गणित केलं.

"होईल की," तो म्हणाला. "फक्त दिवे चालू असताना घरात हीटर लावायचा नाही. किटली नाही. इस्त्री नाही. गरम पाण्याचा बंब नाही. नाहीतर फ्यूज उडून सगळंच बसेल."

"संध्याकाळी सहा ते नऊ," बाबा म्हणाले. "तीन तासांचा प्रश्न आहे. तीन तास कोणी चहावाचून मरत नाही."

आईची पेन्सिल कागदावर जरा जास्तच जोरात टेकलेली मला दिसली.

नोव्हेंबर संपला आणि बाबांना नवीनच काळजी लागली. डॉक्टरांच्या घरावर काहीच हालचाल नव्हती. एक माळ नाही, एक खिळा नाही. बाबा दिवाणखान्याचा पडदा बोटभर सरकवून तासन् तास समोर बघत उभे राहायचे.

"काहीतरी शिजतंय," ते म्हणायचे. "एवढी शांतता उगाच नसते. आयत्या वेळी काहीतरी काढणार हा माणूस."

"काढणार तर. दात," आजी म्हणाली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांना राहवेना. त्यांनी दाढ दुखत असल्याचं जाहीर केलं आणि डॉक्टरांची वेळ घेतली. एकट्याने जायला धीर होईना, म्हणून मला बरोबर नेलं. दवाखाना गल्लीच्या टोकालाच आहे. खुर्चीत बसल्या बसल्या बाबांनी विषयाला हात घातला.

"काय मग डॉक्टर, यंदा दिवे—"

"आ करा," डॉक्टर म्हणाले.

बाबांनी आ केला. डॉक्टरांनी तोंडात आरसा घातला, थुंकी ओढणारी नळी अडकवली, आणि मग निवांतपणे बोलायला लागले. दातांच्या डॉक्टरांना ती सवयच असते. समोरचा मधे बोलू शकत नाही.

"बरं झालं आलात. मी येणारच होतो सांगायला. तुमचा आराखडा बघितला हं. छपाईच्या दुकानात लावलाय ना भिंतीवर. काय काम आहे! मी माझी कार्डं छापायला गेलो होतो, अर्धा तास तिथेच उभा."

बाबांचे डोळे खुर्चीतून माझ्याकडे वळले. मी दातांच्या निगेबद्दलचा तक्ता वाचायला लागले.

"मी नाही यंदा लावत," डॉक्टर म्हणाले. "दोन वर्षं लावले, पुरे. महिनाभर शिडीवर. एक बल्ब गेला की अख्खी माळ गेली. आणि गंमत सांगू का? माझे दिवे मला कधी दिसलेच नाहीत. घर माझं, मी आत. दिसायचं ते तुमचं घर. माझी रोषणाई मी बघितली ती वर्तमानपत्रात." त्यांनी आरसा दुसऱ्या बाजूला फिरवला. "मग ऑगस्टात तुम्हाला शिडीवर बघितलं आणि बायकोला म्हटलं, आपलं काम झालं. आता आपण बघायचं. व्हरांड्यात दोन आरामखुर्च्या आणून टाकल्यात. चार महिने वाट बघतोय."

"आं आं," बाबा म्हणाले.

"कुठली दाढ म्हणालात?"

बाबांनी हाताला येईल त्या दातावर बोट ठेवलं. डॉक्टरांनी वाकून बघितलं.

"हा? हा तर खोटा आहे. मीच बसवलाय पाच वर्षांपूर्वी."

घरी येताना बाबा फाटकाशी थांबले, वळून डॉक्टरांच्या व्हरांड्याकडे बघितलं. दोन खुर्च्या होत्याच. वर चौकड्यांच्या उशाही ठेवलेल्या. खुर्च्यांचं तोंड बरोबर आमच्या मध्यरेषेकडे.

मला वाटलं, आता संपलं. ज्याच्या नाकावर टिच्चून करायचं तोच प्रेक्षक म्हणून खुर्ची टाकून बसला, तर मजा काय राहिली? पण त्या शुक्रवारी बाबा नेहमीच्या जागी बसले आणि म्हणाले, "कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल. काम कोणाच्या बघण्यावर अवलंबून नसतं." आईने ते उतरवलं. खाली रेघ मारली.

चढवायला सहा दिवस लागले. मामा छपरावर, बाबा खाली शिट्टी घेऊन. बाबांनी सगळ्यांना कामाच्या जागी घालतात तसली पिवळी शिरस्त्राणं दिली होती. आजीलासुद्धा, ती घराबाहेर पडणार नव्हती तरी. चांदणी सर्वात शेवटी चढली. प्लायवूडची, पाच टोकांची, समोरून दीडशे पांढरे बल्ब. ती खिडकीच्या चौकटीला चार पट्ट्यांनी आवळली. आजी तेव्हा पलंगावर बसून होती. खोलीत हळूहळू अंधार होत गेला, एखादं कपाट सरकवत आणून मधे ठेवावं तसा.

"झालं का?" तिने विचारलं.

"झालं, आई," बाबा बाहेरून ओरडले. "एक मिलिमीटरचाही फरक नाही."

वीस तारखेला संध्याकाळी सहाला दिवे लावायचे ठरलं. गल्लीतली बरीचशी माणसं जमली. बाबांनी हातातल्या कागदावरचे एकेचाळीस मुद्दे मोठ्याने वाचून एकेकापुढे खूण केली. तेवढ्यात अर्धी मंडळी गारठून परत गेली. राहिलेल्यांत डॉक्टर आणि त्यांची बायको होती, खुर्च्यांमध्ये, पायावर घोंगडी घेऊन.

"मुख्य कळ!" बाबा म्हणाले. मी कळ दाबली.

खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होतं. काहीही बसलं नाही, काहीही जळलं नाही. सहा हरणं छपरावरून चालली होती, पन्हळींवरून पांढऱ्या माळा थेंबांसारख्या खाली लोंबत होत्या, आणि मध्यावर ती चांदणी, सरळ, दिमाखदार. डॉक्टरांनी खुर्चीतूनच टाळ्या वाजवल्या. बाबा रस्त्याच्या मधोमध पिवळ्या शिरस्त्राणात उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. आईने त्यांचा हात धरला. तेवढंच चार-पाच मिनिटं. मग लोक घरी गेले आणि आम्हीही आत आलो.

आत काळोख होता. पान अकरा : 'प्रदर्शनाच्या काळात घरातले दिवे बंद ठेवावेत, आतल्या प्रकाशाने बाहेरचा परिणाम मरतो.' हीटर बंद होता, तो मामाच्या गणितामुळे. आम्ही चौघं स्वयंपाकघरात कोट घालून बसलो. आईने टॉर्च टेबलावर उभा करून ठेवला. काल उरलेलं सूप थंडच प्यालो. बाहेर, अख्ख्या गल्लीत सगळ्यात झगमगीत घर आमचं. आत, एकमेकांच्या नाकातून निघणारी वाफ दिसत होती.

"छान वाटतंय ना?" बाबा म्हणाले.

"वाटत असेल," मामा म्हणाला. "समोरून." आणि तो आपल्या घरी निघून गेला, जिथे हीटर होता.

असे तीन दिवस गेले. वर्तमानपत्रातून कोणी आलं नाही. त्या आठवड्यात त्यांनी पाचव्या पानावर नव्या पाण्याच्या टाकीचा फोटो छापला होता. बाबा दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले आणि दोन्ही वेळा म्हणाले की पाय मोकळे करायला गेलो होतो.

चौथ्या दिवशी, चोवीस तारखेला, डॉक्टर रस्ता ओलांडून आले. दारात अंधारात चाचपडत म्हणाले, "अहो, आहात का घरात? आमच्याकडे चला की सगळे. चहा आहे. शेगडी पेटवलीये व्हरांड्यात. आणि तुमचं घर तिथून काय दिसतं! तुम्ही एकदा बघायला हवं."

आई उठून कोटाची बटणं लावायला लागली. ती बाबांकडे न बघता लावत होती. मीही उठले. बाबांनी जरा आढेवेढे घेतले, मग म्हणाले, परिणामाची पाहणी म्हणून जायला हरकत नाही.

आम्ही तिघं डॉक्टरांच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. शेगडी खरंच होती. डॉक्टरांच्या बायकोने वाफाळता चहा आणि बिस्किटं आणली. आईने कप दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून घेतले. कोर्टात एवढी माणसं रडताना बघूनही जिचा चेहरा हलत नाही, ती एका कपासाठी गदगदली होती.

"आजींना नाही आणलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती येत नाही म्हणाली. खोलीत बरी आहे म्हणाली," बाबा म्हणाले. मग जरा वेळाने, "मी बघून येतो. शाल तरी देतो तिला."

पुढचं मला बाबांनीच नंतर सांगितलं, तुटक तुटक, आठवडाभर.

ते अंधारात जिना चढून वर गेले. आजी खिडकीशी तिच्या रोजच्या खुर्चीत बसलेली होती, तोंड खिडकीकडे. खिडकीच्या जागी प्लायवूड होतं. त्यावर आडव्यातिडव्या वायरी, काळ्या चिकटपट्ट्या, खिळ्यांची वळवलेली टोकं. कडांमधून बाहेरचा पांढरा उजेड फटींसारखा आत येत होता आणि त्या उजेडात मधोमध बाबांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं दिसत होतं : 'मागील बाजू. इकडून पाहू नये.'

"आई, अशी काय बसलीस?"

"शू," आजी म्हणाली. तिने मान तिरकी केली. "औषधाच्या दुकानातली बाई गेली आत्ता. बूट बदललेत तिने. नाहीतर डावा पाय घासत जाते."

"तुला काय माहीत?"

"तीस वर्षं नुसत्या आवाजावरून माणसं ओळखली मी." तिने पुन्हा कान दिला. "पण कोपऱ्यावरचे मास्तर चार दिवस ऐकू नाही आले. आजारी असतील, नाहीतर रबरी चपला घेतल्या असतील. यातलं कुठलं ते असं नाही कळत."

बाबा पलंगावर बसले. पलंग बर्फासारखा गार होता.

"तू बोलली का नाहीस?"

"बोलले की. सूनबाईने लिहूनसुद्धा घेतलंय."

बाबा म्हणतात, त्यानंतर अंधारात हत्यारांची पेटी शोधण्यात पाच मिनिटं गेली. मला वाटतं, जास्त असतील. कारण व्हरांड्यात आमचा दुसरा कप होत आला होता, तेव्हा डॉक्टर एकदम खुर्चीत पुढे वाकले.

"अहो, तुमची चांदणी हलतेय."

खरंच हलत होती. आधी वरचं टोक थरथरलं. मग सगळी चांदणी डावीकडे झुकली, दारू प्यायल्यासारखी. तिच्या मागून एक हात बाहेर आला, हातात पाना. मग कोपर, मग बाबांचं डोकं. डोक्यावर शिरस्त्राण नव्हतं. ते कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकले होते आणि खालच्या पट्टीशी झटत होते.

"अहो!" आई ओरडली आणि कप ठेवून उठली.

"हे आराखड्यात आहे का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पान सात, मुद्दा तीन. कोणत्याही परिस्थितीत हलवू नये."

चांदणी विझली. क्षणभर हिंदकळत एका वायरीला लोंबली, मग खालच्या झुडपात पडली, आणि पडताना पन्हळीवरची तीन नंबरची माळ बरोबर घेऊन गेली. त्या माळेबरोबर दोन हरणं गेली. घराच्या मधोमध काळं भोक पडलं. मग त्या भोकात साधा, पिवळा, घरातला दिवा लागला. खिडकी उघडीच होती. आजी खुर्ची पुढे ओढून बसली आणि तिने रस्त्याची दोन्ही टोकं नीट निरखून घेतली, बऱ्याच दिवसांनी कामावर रुजू झालेल्या माणसासारखं.

आई आणि मी धावत गेलो. बाबा जिन्यात भेटले, पायात नुसते मोजे, करंगळीतून रक्त येत होतं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" आई म्हणाली. "दोरी नाही, शिडी नाही, कोणाला सांगणं नाही. तुम्ही! दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तुम्ही त्याची लिफ्ट बंद केली असती."

"हीटर लाव," बाबा म्हणाले.

"सगळं बसेल."

"बसू दे."

आईने हीटर लावला. काहीच बसलं नाही, कारण चांदणी आणि दोन हरणं गेल्यावर मामाच्या गणितात जागा झाली होती. मग तिने किटलीही लावली. तेव्हा मात्र बसलं. मामाला फोन केला तर तो म्हणाला, होईल की, उद्या येतो. नाताळच्या आदल्या दिवशीची ती संध्याकाळ आम्ही आजीच्या खोलीत, तिच्या पलंगावर, एका घोंगडीत चौघं अशी काढली. समोरून डॉक्टर टॉर्च हलवून विचारत होते, ठीक आहे का. आजीने हात हलवून सांगितलं, ठीक आहे. मास्तर साडेसातच्या सुमाराला दिसले. पाय प्लास्टरमध्ये होता, कुबडी घेऊन चालले होते. "बघ," आजी म्हणाली, "हे मी कधीच ओळखलं नसतं."

जानेवारीत दिवे उतरवायचे होते. त्याचाही आराखडा बाबांनी करून ठेवला होता, बारा पानांचा, त्यात चढवण्याच्या उलट क्रमाने उतरवण्याच्या सूचना होत्या. एका बुधवारी बाबा लिफ्ट तपासायला गेले असताना आई, मी आणि मामाने मिळून सव्वा तासात सगळं खाली ओढलं आणि तीन पोत्यांत कोंबलं. बाबा संध्याकाळी आले, बोडक्या छपराकडे बघितलं, मग पोत्यांत डोकावून बघितलं. एकोणतीस माळा एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की पोतं उपडं केलं तर सगळं एकच निघत होतं, मोठं घरटं निघावं तसं.

आम्ही बोलणी खायच्या तयारीने उभे होतो. आईने तर वहीही जवळ ठेवली होती.

बाबांनी एक पोतं उचललं आणि वर नेलं, आजीच्या खोलीत. मग स्वतःसाठी एक खुर्ची नेली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते ऑफिसातून आले की कपडे बदलून तिथे बसायचे. मांडीवर वायरींचा गुंता घ्यायचा आणि एकेक टोक शोधत बसायचं. आजी दुसरं टोक धरायची आणि रस्त्याकडे बघत बोलत राहायची. मी चहा द्यायला जायची तेव्हा त्यांचं काही ना काही चाललेलं असायचं. औषधाच्या दुकानातल्या बाईंचं नवऱ्याशी पटत नाही. डॉक्टर गुपचूप सिगरेट ओढतात, मागच्या गल्लीत जाऊन. बाबा "असं?" म्हणायचे. पूर्वी ते असल्या गप्पांना 'निराधार माहिती' म्हणत.

फेब्रुवारी संपत आला तरी दुसरं पोतं निम्मंच झालं होतं. एकदा मी म्हटलं, "बाबा, मामाला बोलावू का? तो दोन तासांत सोडवेल."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"काही घाई नाहीये," ते म्हणाले. "आई, तू काय सांगत होतीस? मग तिने दार उघडलं की नाही?"

"उघडलं ना," आजी म्हणाली. "पण ऐक तरी. आधी तिने साखळी लावली."